डावी लेकरं, उजवी रांग

मैदानावरचं टपाल : वाचकांचे प्रश्न आणि एका निवृत्त क्रीडाशिक्षिकेची उत्तरं

या महिन्याच्या टपालात जिम्नॅस्टिक्सचीच चार पत्रं निघाली. गुडघेदुखीवाल्यांनी आणि 'पळायचं सकाळी की संध्याकाळी' विचारणाऱ्यांनी महिनाभर कळ काढावी.

प्रश्न : मॅडम, माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. दीड वर्षापासून जिम्नॅस्टिक्सला जाते. कार्टव्हील, म्हणजे हातांवरून चाकासारखी आडवी कोलांटी, करताना ती डावा हात आधी टेकवते. सर म्हणतात, उजवाच टेकवायचा, सगळ्यांचं एकसारखं दिसलं पाहिजे. १७ सप्टेंबरच्या कार्यक्रमात वीस मुली एका रांगेत कार्टव्हील करणार आहेत. हिच्यामुळे रांग मोडते म्हणून हिला मागं टाकलंय. शिवाय हँडस्टँडमध्ये, म्हणजे हातांवर उलटं उभं राहताना, तिचे गुडघे जरासे वाकतात, उडीतून उतरली की एक पाऊल पुढं टाकते आणि झोकात हात वर करते. मला वाटतं ती तिची स्टाइल आहे. सर तेही मोडून काढायलेत. प्रत्येक लेकराची ढब वेगळी असते की नाही? का मीच लाड करायलेय?
— एक आई, परभणी

उत्तर : ताई, निम्मं तुमचं खरं आहे, निम्मं सरांचं. पंचाईत ही की तुम्ही दोघंही आपापल्या चुकीच्या निम्म्यासाठी भांडायलात.

आधी गुडघे. वाकलेला गुडघा ही ढब नव्हे, ती चूक. सफाईचे गुण मोजणारे पंच १० पासून सुरू करतात आणि कापत जातात. गुडघा थोडा वाकला तर ०.१, जास्त वाकला तर ०.३, फारच वाकला तर ०.५. उतरताना छोटं पाऊल पडलं तर ०.१, मोठं पडलं तर ०.३, आणि लेकरू पडलंच तर सरळ १. पण गुण राहू द्या बाजूला. नऊ वर्षांच्या पोरीचा हँडस्टँडमध्ये गुडघा वाकतो तेव्हा बहुतेक वेळा पाठीलाही कमान पडलेली असते. पोट सैल, खांदे ढिले, आणि सगळा तोल ती कंबरेत सांभाळते. रोज तीस-चाळीस वेळा असं केलं की कंबरेच्या मणक्यांना त्याचा हिशेब द्यावा लागतो. आज नाही, पंधराव्या वर्षी. तेव्हा गुडघ्यांच्या बाबतीत सरांना मोकळं सोडा. पाऊल टाकण्याचंही तसंच. झोकात वर जाणारा हात मात्र कुणालाही मोडू देऊ नका. पाय रोवून, न हलता तो हात वर गेला तर सोन्याहून पिवळं.

आता डावा हात. इथं सर चुकतात. मी हे इतकं ठासून सांगते, कारण नेमकी हीच चूक माझ्या हातून झालीय.

१९९४ सालची गोष्ट. शाळेच्या मागं पत्र्याचं शेड होतं, त्यात चार मॅट. मॅट म्हणायचं आपलं. जिनिंगमधला उरलासुरला कापूस आणून पिंजाऱ्याकडून भरून घेतलेल्या गाद्या, वरून ताडपत्री शिवलेली. मे महिन्यात दहा वाजले की त्या ताडपत्रीवर तळहात टेकवत नसे, म्हणून पहाटे साडेपाचला सराव. तीस पोरी आणि मी एकटी. सपोर्ट द्यायला मी कायम मॅटच्या एकाच बाजूला उभी राहायचे. एकीसाठी अलीकडं, दुसरीसाठी पलीकडं असं कुठं पळणार? म्हणून सगळ्यांना उजवं शिकवायचे. सोय माझी होती, नाव मी शिस्तीचं दिलं होतं.

त्यात जिंतूरकडची एक पोर होती, मामाकडं राहून शिकायची. पाचवीत आली तेव्हा सगळं डावीकडून करायची. मी बदलायला लावलं. हुशार होती, महिनाभरात तिनं बदललं. कार्टव्हील उजवं, राउंड ऑफ (दोन्ही पाय जुळवून उतरायचं कार्टव्हील) उजवा, सगळं रांगेत. मी खूश. पुढं सातवीत उलट्या कोलांटीत, म्हणजे बॅक सॉमरसॉल्टमध्ये, अर्धी गिरकी घालायची वेळ आली. तीही मी उजवीकडूनच घालायला लावली. हवेत गेली की तिचं डोकं डावीकडं निघायचं आणि खांदे उजवीकडं. दोघांचं एकमत होईपर्यंत जमीन यायची. दोनदा पडली, तिसऱ्यांदा गुडघा नारळाएवढा सुजला. तिचे वडील गावाकडून आले. मला एक शब्द बोलले नाहीत. तिची पिशवी उचलली, तिला पुढं घातलं आणि निघाले.

ती शाळेत राहिली, मैदानावर परत आली नाही. त्या वर्षी नागपंचमीला शाळेच्या मागच्या लिंबाखाली पोरी फुगड्या घालत होत्या. समोरचीनं फिरायला सुरुवात केली की ही हात सोडून थांबायची. "इकडून नको गं, तिकडून." तिकडून म्हणजे डावीकडून. तिकडून फिरली की भिंगरी. मी खिडकीत वह्या तपासत उभी होते. दोन वर्षं जे मला मॅटवर कळलं नाही, ते ती दर पंचमीला लिंबाखाली सांगत होती.

गिरकीची बाजू हा नखऱ्याचा विषय नाही. बहुतेक लेकरांना एक बाजू आपली वाटते, आणि हवेत असताना विचार करायला सवड नसते. शरीराला आपलं आपण कळावं लागतं, आपण कुठं आहोत आणि जमीन कुठं आहे. हा अंदाज सुटला की काय होतं, ते २०२१ मध्ये टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये सगळ्यांनी बघितलं. सिमोन बाइल्ससारख्या खेळाडूला हवेतल्या गिरक्यांचा अंदाज लागेना, आणि तिनं एकामागून एक स्पर्धा सोडल्या. (तिला कुणी बाजू बदलायला लावली नव्हती, कारण निराळं होतं. पण जिला इतक्या वर्षांच्या तयारीनंतर ते झालं, तिनं थांबायचं ठरवलं, आपण मात्र शाळकरी पोरीला म्हणतो, "कर पुन्हा.") शेवटी ती परतली ती बीमवर, म्हणजे अरुंद तुळईवर, उतरताना गिरकी नसलेली उडी घेऊन, आणि कांस्य मिळवलं.

कार्टव्हीलला कोणता हात आधी टेकवावा असा कोणताही नियम नाही. पंच पाय सरळ आहेत का, कार्टव्हील उभ्या रेषेतून गेलं का, हे बघतात. एक सावधगिरी : डावा हात आधी टेकवणारी पोर गिरकीही डावीकडूनच घेईल असं समजू नका. ते निराळं तपासावं लागतं. घरी फुगडी घाला तिच्याशी, चार-सहा दिवस, काही न सांगता. जागेवर उडी मारून मागं तोंड करायला सांगा. झोपवून लोळायला सांगा. ज्या बाजूला ती न विचारता जाते, ती लिहून ठेवा.

राहिली १७ सप्टेंबरची रांग. सरांशी फाटकात उभं राहून वाद घालू नका. चारचौघांत कुणी मागं सरत नाही. सराव संपल्यावर दहा मिनिटं मागा आणि एवढंच सुचवा : डाव्या मुली प्रेक्षकांकडं तोंड करून रांगेच्या डाव्या निम्म्यात, उजव्या मुली उजव्या निम्म्यात. शिट्टी झाली की डाव्या डावीकडं, उजव्या उजवीकडं. रांग मधून उघडत जाते, वाड्याचा दरवाजा उघडावा तशी. डाव्या मुली दोन-तीनच असतील तर त्या डाव्या टोकाला ठेवा. झेंड्याखाली बसलेल्या साहेबांना तर वाटेल, हे मुद्दामच बसवलंय. मी नंतर सतरा वर्षं असंच बसवलं आणि टाळ्या घेतल्या.

प्रश्न : मॅडम, तुमचे लेख वाचतो. मी लातूर जिल्ह्यात एका शाळेत शिकवतो. माझ्याकडे ४२ मुलं-मुली, सहा मॅट, जमिनीवर ठेवलेला एक बीम. प्रत्येकाकडं वेगळं लक्ष द्या, प्रत्येकाची शैली जपा, हे ऐकायला बरं वाटतं. पण आमचे गुरुजी सगळ्यांना एकच सेट, म्हणजे ठरलेल्या कसरतींची एकच माळ, घोटून घ्यायचे आणि पदकं यायची. साचा वाईट कसा?
— एक प्रशिक्षक

उत्तर : सर, साचा वाईट असं मी कधी म्हटलं? तुमच्या गुरुजींच्या बाजूनं सगळ्यात मोठा दाखला मीच देते. रुमानियाच्या नादिया कोमानेचीनं १८ जुलै १९७६ ला माँट्रियल ऑलिंपिकमध्ये पहिले १० गुण घेतले, तेव्हा ती १४ वर्षांची होती. फलकावर १० दाखवायची सोयच नव्हती म्हणून १.०० झळकलं, ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. ते गुण तिला कशावर मिळाले, हे फारसं कुणी सांगत नाही. असमान दांड्यांवरच्या सक्तीच्या सेटवर! म्हणजे सगळ्या देशांच्या सगळ्या मुलींना तंतोतंत तोच सेट करायचा होता. त्या काळी निम्मी स्पर्धा सक्तीच्या सेटची असे. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकनंतर तो प्रकार मोठ्या स्पर्धांतून बंद झाला. जुनी माणसं अजून हळहळतात, आणि मलाही थोडी हळहळ आहे. सगळ्यांना एकच अभंग दिला की कुणाचा गळा कसा आहे, ते लगेच कळतं.

म्हणून सेट घोटा. हँडस्टँड, कोलांटी, ब्रिज, कार्टव्हील, पाय जुळवून गुडघे किंचित वाकवून उतरणं. ४२ च्या ४२ जणांना एकच. उतरणं तर लष्करी शिस्तीनं शिकवा, तिथं मला कुणाचीच शैली नको. साधनंही एकसारखी, मोजून. मोजली नाहीत तर काय होतं? सिडनी ऑलिंपिकला २००० साली बायकांच्या सर्वसाधारण स्पर्धेत, म्हणजे सगळ्या साधनांच्या एकत्रित गुणांच्या स्पर्धेत, व्हॉल्ट (धावत येऊन हात टेकवून ज्यावरून उडी घेतात तो घोडा) ५ सेंटिमीटर खाली लावला गेला. जगातल्या उत्तमोत्तम मुली त्यावर धडपडल्या. रशियाची स्वेतलाना खोरकिना पहिल्या क्रमांकावर होती, तिथं पडली आणि लगेच पुढं दांड्यांवरही पडली. अर्धी स्पर्धा झाल्यावर एका ऑस्ट्रेलियन मुलीनं सांगितलं, उंची चुकलीय. मोजपट्टी लावली तर खरंच कमी. तेव्हा तुमचा बीम जमिनीवरचा असला तरी रुंदी १० सेंटिमीटर आहे ना, ते टेप लावून बघा. आमच्या सुतारानं एकदा १२ चा करून दिला होता. सहा महिने पोरी त्यावर राण्यांसारख्या चालल्या आणि विभागीय स्पर्धेला गेल्यावर टपाटप खाली.

आता खोरकिनाचं नाव निघालंच आहे तर दोन मिनिटं तिच्याकडं थांबू. उंची १६५ सेंटिमीटर. या खेळात ती ताडमाड. खालच्या दांडीला तिचे पाय लागायचे. साच्यात बसवायचं ठरवलं असतं तर तिच्या प्रशिक्षकांनी, बोरिस पिल्किन यांनी, तिला घरी पाठवली असती. त्यांनी तिच्या लांबीला जमतील अशा निराळ्या कसरती बसवल्या. १९९६ आणि २००० अशी दोन्ही वेळा दांड्यांवरचं ऑलिंपिक सुवर्ण तिचं. तिच्या समोर सिमोन बाइल्स उभी करा : १४२ सेंटिमीटर, सगळा जोर पायात आणि उडीत. दोघींना एकच सेट दिला असता तर एकीचे पाय दांडीवर आपटले असते आणि दुसरीची उडी वाया गेली असती.

आपल्याकडचं बघायचं तर दीपा कर्माकर. आगरतळ्याची पोर, पाय सपाट. पायाला कमान नसली की धावताना आणि उतरताना अडचण येते. कुणीही सांगितलं असतं, हिला दुसरा खेळ द्या. बिश्वेश्वर नंदी सरांनी आधी तिच्या पायांवर काम केलं, मग तिला प्रोदुनोवा व्हॉल्ट (हात टेकवून हवेत पुढं दोन कोलांट्या) दिला, जो जगात बोटावर मोजण्याइतक्या जणींनी केलाय. २०१६ ला रिओत चौथी आली, १५.०६६ गुण; कांस्य ०.१५० नं हुकलं. सरांनी तिचे पाय सगळ्यांसारखे धरले असते तर आपल्याला तिचं नावही कळलं नसतं.

मी मल्लखांब ज्या उस्तादांकडं शिकले त्यांना लिहिता येत नव्हतं. लाकूड एक, एरंडेल एक, सगळ्यांना. पण लांब पायाच्या पोराची अढी, म्हणजे लाकडाभोवतीची पायांची पकड, ते एक वीत वर बसवायचे, ठेंगण्याची खाली. कुणी विचारलं की म्हणायचे, "लाकूड बदलत नाही, म्हणून माणूस बघावा लागतो."

तुमच्या ४२ जणांचं म्हणाल तर शंभर पानी वही घ्या. एका पानावर एक लेकरू. वर चार गोष्टी : हँडस्टँडला कोणता पाय आधी उचलतं, कार्टव्हीलला कोणता हात, गिरकी कोणत्या बाजूला, आणि कशाला घाबरतं. चौथी सगळ्यात महत्त्वाची. पहिल्या दोन महिन्यांत पेन्सिलीनं लिहा, बदलतं. मग सहा मॅटच्या दोन रांगा करा, डावी आणि उजवी. तुम्ही मध्ये उभे राहा, म्हणजे दोन्हीकडं सपोर्ट देता येईल. माझ्या कपाळात हे यायला बारा वर्षं लागली, तुम्ही सोमवारपासून करा. गिरकीची बाजू एकदा ठरली की मात्र बदलू देऊ नका. मैत्रीण तिकडून करते म्हणून आपणही तिकडून, हा लाड नको. पुढची असो की मागची, कोलांटीत गिरकी एकाच बाजूची.

पदकांचं म्हणाल तर, तुमच्या गुरुजींच्या साच्यात जी मावली ती पदकं घेऊन आली. जी मावली नाहीत ती तुम्हाला आठवतात का?

प्रश्न : माझ्या दहा वर्षांच्या मुलाचा स्प्लिट (पाय पूर्ण फाकवून बसणं) जमिनीला टेकत नाही. बाकी बहुतेकांचा टेकतो. सर पाठीवर बसून दाबतात, मुलगा रडतो. सर म्हणतात, सगळे असेच शिकले. काय करावं?
— एक पालक, नांदेड

उत्तर : थांबवा. आजच, उद्या नाही. खुब्याचा खळगा प्रत्येकाचा जन्मतःच थोडा निराळा असतो. काहींचा स्प्लिट सहा महिन्यांत टेकतो, काहींचा दोन वर्षांत, आणि काहींचा चार बोटं वरच राहतो. त्यात लेकरू उंचीनं वाढत असलं की हाडं आधी लांबतात, स्नायू मागून येतात. त्या दिवसांत टेकणारा स्प्लिटही वर उचलला जातो. अंग गरम करून, स्वतःच्या वजनानं, स्वतःच्या श्वासानं जेवढं उतरेल तेवढं रोज उतरवावं. दुसऱ्याच्या वजनानं नाही. रडणारं लेकरू अंग आखडून घेतं, आणि आखडलेल्या अंगावर वजन टाकलं की फाटतं. सर ऐकत नसतील तर वर्ग बदला. या एका बाबतीत मी मधला मार्ग सांगत नाही.

प्रश्न : बाई, मी अकरा वर्षांची आहे. आमचं गाव तुळजापूरजवळ आहे. माझ्या फ्लोअरच्या सेटला मला संबळ लावायचा आहे. आमच्याकडं गोंधळाला वाजतो तो. शेवटी मी एक हात कमरेवर आणि एक हात वर करते. आमच्या मॅडम म्हणाल्या, सगळ्या पियानो लावतात, तूही पियानोच लाव, आणि हात दोन्ही वर कर. मी काय करू?

उत्तर : बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि यजमानांनाही वाचून दाखवलं.

तू हे नक्की मुलींच्या फ्लोअरबद्दलच विचारतेस ना? कारण पाच जणींच्या गटाचा प्रकार असता, रिदमिक जिम्नॅस्टिक्समधला, तर मी तुझ्या मॅडमच्या बाजूनं बोलले असते. तिथं पाचही जणींचे हात एकाच क्षणी, एकाच उंचीला जावे लागतात; न जुळल्याचे गुण कापतात. पण तुझा फ्लोअर तुझा एकटीचा आहे. बारा मीटर लांब, बारा मीटर रुंद, त्यावर तूच.

१९७२ साली म्युनिक ऑलिंपिकला सोव्हिएत रशियाच्या एकाच संघात दोघी होत्या. ल्युदमिला तुरिशेवा अगदी नेटकी, शांत, जुन्या घराण्याच्या गाण्यासारखी. ओल्गा कोरबुट खोडकर, हसणारी, वेण्यांना फिती बांधलेली. सर्वसाधारण सुवर्ण तुरिशेवाचं, बीमचं आणि फ्लोअरचं सुवर्ण कोरबुटचं. त्यांच्यापैकी एकीला दुसरीसारखं व्हायला सांगितलं असतं तर एक पदक कमीच झालं असतं.

संबळ चालतो. नियम एवढाच की गाण्यात शब्द नकोत. माणसाचा नुसता आवाज, आलाप, हुंकार चालतो, पण "उदे गं अंबे" म्हटलेलं चालणार नाही. म्हणून गोंधळ्यांना सांगून नुसता संबळ आणि तुणतुणं रेकॉर्ड करून घे. दीड मिनिटाच्या आत बसला पाहिजे, ९० सेकंद उलटले की गुण जातात. संबळाची लय मध्ये एकदम वाढते, तिथं तुझी धाव ठेव. संथ असेल तिथं नाचाचा भाग ठेव, आणि तो खरोखर नाच, नुसती चालू नकोस. तुझ्या वयोगटाला ठरवून दिलेलं संगीत आणि सेट असेल तर मात्र यंदा तोच कर, मॅडमना विचारून घे, आणि संबळ पुढच्या वयोगटासाठी राखून ठेव.

कमरेवरचा हात राहू दे. फक्त आरशासमोर उभी राहून बघ : हात कमरेवर गेला की खांदा कानाकडं चढतो का? चढत असेल तर आधी तो खाली आण. मग मॅडमना करून दाखव, संबळासकट.